आत्या म्हणायचं नाही

४ मार्च
घर क्र. १६

वन्सं,

नमस्कार. तुमचं सामान काल दुपारी पोचलं. तुमच्या यादीशी ताडून घ्या. पत्र्याची ट्रंक एक, कडी वाकलेली. गादी एक, उशा दोन. शिवणाचं मशीन पेटीसकट. बाबांचा फोटो, काच शाबूत. पितळी डबे पाच. तुम्ही सहा लिहिले होते, सहावा आपण पाहिलाच नाही असं टेम्पोवाला शपथेवर सांगतो. टेम्पो चारशे, हमाली चाळीस, फाटकावरच्या पहारेकऱ्याला चहाला दहा. सगळं मी घरखर्चात धरलंय, तुमच्याकडून काही नको.

घर देवाच्या कृपेने छान लागलंय. तळ्याभोवती बासष्ट घरं, प्रत्येकाचा उंबरठा तळ्याकडे. तळं खरं तर खणून, खाली प्लास्टिक अंथरून, नळाचं पाणी सोडून केलंय, पण देवानं स्वतः घडवल्यासारखं दिसतं. बदकं चौदा आहेत. माहितीपत्रकात सोळा छापली होती.

वरची खोली तुमची. तुमच्या दादांनी सासूबाईंच्या उशाशी बसून शब्द दिला होता, तो मी विसरलेले नाही. जुन्या दोन खोल्या विकल्या तेव्हा तुमचा निम्मा वाटा तुम्ही हूं की चूं न करता या घरात घातलात, तेही विसरलेले नाही.

पाकिटात कॉलनीच्या कचेरीचा, घरात राहणाऱ्यांच्या नोंदीचा फॉर्म आहे. पेन्सिलीनं फुली केली आहे तिथं सही करा आणि दोन फोटो पाठवा. बाकीचं मी भरते. तुमचं अक्षर फार बारीक, कचेरीतल्या माणसाला लागत नाही.

तुमची वहिनी


१० मार्च
दवाखाना क्वार्टर, खोली ९

वहिनी,

फॉर्म सही करून पाठवते आहे. फोटोत मी रागावलेली दिसते, पण फोटोवाला 'हसा' म्हणाला तेव्हाचाच आहे.

सहाव्या डब्याचा शोध लागला. तो माझ्याच पलंगाखाली होता. टेम्पोवाल्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील तर परत घ्या.

एकतीस मेला मी नोकरीतून सुटते. पाच जूनला क्वार्टर सोडायचं, किल्ली दुसऱ्या बाईला द्यायची. एकोणतीस वर्षं कपडे-खोलीत बसून चादरींवर लाल दोऱ्यानं वॉर्डाचे नंबर घातले. खिडकीतून बघायचं तर समोर गच्ची, तिथं त्याच चादरी वाळत घातलेल्या. आता खिडकीत पाणी दिसणार म्हटल्यावर इथल्या बायका मला चिडवतात, "मोठ्या लोकांत चाललीस, ओळख ठेव."

खिडकीतून तळं दिसतं ना? पूर्ण नको, कोपरा चालेल.

फॉर्ममध्ये नातं विचारलं असेल तिथं 'मालकाची सख्खी बहीण' असं लिहा. दादाला म्हणावं, दोन ओळी लिही. नाही लिहायचा, ठाऊक आहे मला. शाळेतसुद्धा त्याचे निबंध मीच लिहायची.

तुमची नणंद


१९ मार्च

वन्सं,

कार्ड पाठवत आहे. येताना जवळ ठेवा, त्याशिवाय आत सोडत नाहीत. आमची निळी आहेत, तुमचं नारिंगी आलंय. त्याचं कारण सांगते, म्हणजे उगाच मनात काही येणार नाही.

फॉर्मवर 'कुटुंब' म्हणून नवरा, बायको, मुलं, आईवडील एवढंच छापलेलं आहे. बहिणीला जागाच नाही. कचेरीतला कारकून म्हणाला, "बहीण असेल तर मालकांत नाव घाला, कागद नव्यानं करा. नाहीतर पाहुणी म्हणून दरमहा शुल्क भरा, पण पाहुणी तीन महिन्यांच्या वर नाही." कागद नव्यानं करायचा म्हणजे वकील आला, मुद्रांक आला, आणि मालकांत दोन नावं असली की उद्या घर आमच्या छकूच्या नावावर करायच्या वेळी गुंता. तुमच्या दादांना विचारलं. म्हणाले, "तुला सुचेल ते कर."

मग मी फॉर्म देवापुढे ठेवला आणि डोळे मिटून बसले. उघडले तर पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटलेलं. मागच्या बाजूला रकाना होता: 'घरी राहून काम करणाऱ्या व्यक्ती. शुल्क नाही, मुदत नाही.' वन्सं, मुदत नाही! जन्मभर राहा. देवानं स्वतः पान उलटून दाखवलं, आणखी काय हवं?

तिथं नात्याचा रकाना नव्हता, त्यामुळे सख्खी लिहायचा प्रश्न आला नाही. हे सगळं कागदावरचं. आपल्या मनात काय आहे ते तो जाणतो.

तुमची वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

रविवारी येऊन गेले, तेव्हा तुम्ही पूजेत होतात आणि नंतर माणसं आली, म्हणून बोलणं झालं नाही. लिहिते.

मोठ्या फाटकावर पहारेकऱ्यानं कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, मागून." मागचं फाटक पंपघराच्या पलीकडे, अर्धा मैल असेल. चालत गेले. तिथून तळ्याची वाट लागते, गुलाबी फरशीची. तिच्यावर पाटी आहे: नारिंगी कार्डवाल्यांनी या वाटेवर थांबू नये. मी थांबले नाही, पण चालता चालता पाहिलं. पाण्याशी दादा उभा होता, बदकांना पाव घालत. मी हाक मारली, "दादा!"

मागच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "काय मावशी?" त्यालाही सगळे दादाच म्हणतात. माझा दादा मात्र बदकांकडे बघत राहिला. पाव संपला होता, तरी हात तसाच पुढे.

छकूनं गच्चीतून पाहिलं आणि "आत्या आली, आत्या!" करून सगळी कॉलनी उठवली. तेवढं बरं वाटलं.

निघताना पिशवी तपासली. तुम्ही दिलेली साखर निघाली. "बाईंची चिठ्ठी आहे का?" मी म्हटलं, "बाई माझी वहिनी आहे." तो म्हणाला, "सगळ्या तेच म्हणतात." साखर तिथं ठेवून आले.

वहिनी, मला पाहुणी म्हणून लिहा. शुल्क माझ्या पेन्शनीतून द्या. तीन महिने झाले की मी एक दिवस कुठेतरी जाऊन येईन आणि पुन्हा पाहुणी होईन. नाहीतरी सगळ्या नणंदा तशाच असतात, जातात आणि परत येतात.

तुमची नणंद


८ एप्रिल

वन्सं,

साखरेची पुडी पहारेकऱ्यानं परत आणून दिली. प्रामाणिक आहे.

पाहुणीचं शुल्क भरायची काही गरज नाही. ते पैसे तुमच्याच दूधभाजीला लागतील. कार्ड झालंय, आता ते बदलायला गेलं की आधी खोटं का लिहिलं असं विचारतील. खोटी नोंद सापडली तर कॉलनीची समिती घराचा नंबर फाटकावरच्या फळ्यावर खडूनं लिहिते, आठ दिवस पुसू देत नाही. एकोणचाळीसवाल्यांचं झालं. त्यांची बाई अजून मान वर करून चालत नाही.

तुम्ही दादा म्हणालात त्याचं काही नाही. दादा भाजीवाल्यालाही म्हणतात, रिक्षावाल्यालाही म्हणतात. ताई, काका, मामा, सगळं चालून जातं. पण आत्या? मी पुष्कळ आठवून पाहिलं. परक्या बाईला आत्या कुणी म्हणत नाही. छकू ओरडली आणि शेजारच्या सतराच्या बाईंनी लगेच कुंपणावरून विचारलं, "कोण आलंय हो?" मी खोटं बोलत नाही, देवाला ठाऊक आहे. म्हटलं, "आमच्याकडे राहायला येणार आहेत." त्यांना काय समजायचं ते त्या समजल्या.

तेव्हा छकूला सांगून ठेवलंय, आत्या म्हणायचं नाही. मावशी म्हणायचं. मावशी सगळ्यांकडेच असते. आणि वन्सं, यात तुमचं कमी काय झालं? मावशी म्हणजे आईची बहीण. उलट माझ्या बाजूच्या झालात, जवळच्याच.

खोलीचं थोडं बदललंय. समितीची माणसं घर बघायला येतात आणि वरच्या खोलीत नारिंगी कार्ड दिसलं तर प्रश्न निघतो. म्हणून तुमचं सामान खाली स्वयंपाकघरामागे लावलं. मशीन मावलं. खिडकी गाडीच्या पत्र्याच्या शेडकडे उघडते, ऊन लागत नाही. वर देव मांडले. त्यांना आता बसल्या जागी तळं दिसतं. मला तर रोज भरून येतं.

पाच जूनला दुपारच्या आत या. दुपारी मागचं फाटक बंद असतं.

तुमची वहिनी


११ जुलै
घर क्र. १६

वहिनी,

तुमच्या आईंचं दुखणं उतरलं हे वाचून बरं वाटलं. तुम्ही इथल्याची काळजी करू नका. सांगून गेलात तसं चाललंय. देवाचा दिवा दोन्ही वेळा लागतो, तेल मोजूनच घालते. दूधवाल्याचे खाडे भिंतीवर मांडलेत.

दादाची तब्येत बरी आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी मी वाढत होते तर म्हणाला, "तूही बस ना." मग उठला, खिडकी लावली, पडदा ओढला, आणि पुन्हा म्हणाला, "बस." मी बसले. दोघांनीही काही न बोलता जेवण केलं. लहानपणी आम्ही चोरून चिंचा खायचो तेव्हा असेच बसायचो, पण तेव्हा हसू यायचं.

हे लिहायला घेतलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मंगळवारी दादा कामावर, दारं बंद, घरात मी आणि छकू दोघीच. ती जिन्यावरून म्हणाली, "मावशी, माझा निळा कुर्ता कुठाय?" ऐकायला चिटपाखरू नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. ती फोनमध्ये बघत होती. मी म्हटलं, "आणते." कुर्ता आणला, इस्त्री केली, तिच्या हातात दिला. मग ओट्याशी आले आणि मला कळलं की मी ओ दिली होती.

तुम्ही आजारी होतात तेव्हा ती दोन वर्षं माझ्याजवळ क्वार्टरमध्ये होती. बोलायला शिकली तेव्हा तिला आई म्हणता यायच्या आधी आत्या म्हणता यायचं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हे मी आजवर सांगितलं नव्हतं.

तुम्ही तिला एवढंच लिहा: दार लावलं की आत्या. बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं.

सतराच्या बाई परवा कुंपणाशी आल्या होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या म्हणे. त्यांनी वाळत घातलेल्या तुमच्या पडद्याची शिवण उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हा हात कुणाचा? आमचे पडदे शिवाल का?" तुम्हाला विचारून सांगते म्हटलं.

तुमची नणंद


१८ जुलै
माहेरहून

वन्सं,

पत्र वाचलं. छकूला तसं लिहिता येणार नाही. दाराच्या आत एक आणि बाहेर एक असं असलं की पोरांची जीभ घसरते. सवय एकच असावी. ती लहान नाही, तेविसावं चालू आहे, चांगल्या घरातली माणसं तिची चौकशी करतायत. एका शब्दासाठी तुम्ही पोरीचं नुकसान कराल असं मला वाटत नाही.

ती आधी काय बोलायला शिकली हे आता काढायची गरज नव्हती. मी तेव्हा मरणाच्या दारात होते.

सतराचे पडदे शिवा. दर मी आल्यावर मी बोलेन, तुम्ही भिडेखातर कमी घ्याल. दोरा आणि वीज घरची आहे हे लक्षात असू द्या.

आणखी एक. छकूनं फोनवर सांगितलं की तुम्ही बाबांचा फोटो तुमच्या खोलीत लावलाय. बैठकीत तोच फोटो मोठा करून लावलेला आहे. समितीचा माणूस आला आणि मोलकरणीच्या खोलीत मालकाच्या वडिलांचा फोटो पाहिला तर काय सांगायचं? उतरवून ट्रंकेत ठेवा. बाबा कुठेही असले तरी आशीर्वाद देतातच.

मी चार तारखेला येते. डाळीचा डबा उन्हात ठेवा.

वहिनी


२१ ऑगस्ट
घर क्र. १७

वहिनी,

पत्ता वर लिहिलाय. हे तुम्हाला नऊ तारखेपासून माहीत आहेच, पण तुम्ही कुंपणाशी येत नाही आणि दुसऱ्या घरी चिठ्ठीशिवाय जायला मला परवानगी नाही, म्हणून पोस्टानं.

कार्डावरचं सोळा खोडून सतरा करायला कचेरीत पाच मिनिटं लागली. वकील लागला नाही. कारकुनानं विचारलं, "आधीच्या घराशी काही भांडण?" म्हटलं, "नाही." घर सोडण्याच्या कारणाचा रकाना होता. खोटं मीही बोलत नाही. लिहिलं, 'पगार मिळत नव्हता.' तो म्हणाला, "सोळावाले तर देवमाणसं वाटतात." मी म्हटलं, "वाटतातच."

सतराच्या बाई कडक आहेत. मीठ जास्त झालं तर तोंडावर सांगतात, आणि बरं झालं तर तेही सांगतात. गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत, म्हणून वरची खोली मला दिली. समितीच्या माणसानं हरकत घेतली तर त्याला म्हणाल्या, "माझ्या घरात कोण कुठे झोपतं ते तुम्ही मला सांगणार? सातवीत दोनदा बसला होतात ना तुम्ही?" तो गेला. खिडकीतून तळं दिसतं. पूर्ण.

त्यांनी विचारलं, "सोळात दोन महिने काढलेत. माणसं कशी आहेत?" मी म्हटलं, "बाई देवभक्त आहेत. साहेब कमी बोलतात." "आणि तुमचं कोण आहे?" म्हटलं, "कार्डावर कुणी लिहिलेलं नाही."

काल सकाळी दादा झाडांना पाणी घालत होता. कुंपणाजवळून जाताना मी म्हटलं, "साहेब, नमस्कार." त्याच्या हातातली नळी वळली आणि चपला भिजल्या. मला वाटलं होतं की असं म्हटल्यावर मला बरं वाटेल. थोडं वाटलंही. जिना चढेपर्यंत टिकलं.

छकू दिसते. ती मला हाक मारत नाही, त्यामुळे कोणत्या नावानं मारायची हा प्रश्न मिटला.

नणंद


१३ सप्टेंबर
घर क्र. १६

मावशी, घर क्र. १७, असं पाकिटावर लिहिलंय कारण टपाल पहारेकरी वाचतो. आत तुम्ही वन्संच आहात.

तुम्ही केलंत ते देव बघतोय. आमच्या भिंतीला लागून, आमच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या घरी भांडी! तुमचे दादा जेवताना बोलत नाहीत. आधीही बोलत नसत, पण आता जेवतही नाहीत. दोनदा मी सतराकडे यायला निघाले, 'ही माझी नणंद आहे' म्हणून हात धरून घेऊन जायला. पण मग आमची नोंद खोटी ठरते आणि फळ्यावर सोळा येतो. देवानंच पाय मागे घेतला.

आता खरं काम. एकवीस तारखेच्या रविवारी छकूला बघायला माणसं येणार आहेत. बेचाळीसवाल्यांचा भाचा, नोकरी उत्तम. त्यांनी घरच्यांची माहिती लिहून मागितली होती. त्यात काका, मामा, आत्या, मावशी, सगळ्यांची नावं, कुठे असतात, काय करतात. आत्यापुढे काय लिहायचं? शेजारच्या घरी कामाला? मी पेन हातात घेऊन पाऊण तास बसले. शेवटी 'दिवंगत' लिहिलं. तुमच्या दादांना वाचून दाखवलं. पेपर वाचत होते. नाही म्हणाले नाहीत.

रागावू नका, शांतपणे विचार करा. याच्यानं तुमचं काहीच जात नाही. मात्र कधी गेलात ते विचारतील आणि तिघांनी एकच सांगायला हवं. छकू म्हणते मागचा ऑक्टोबर. मला वाटतं त्याच्याही आधीचं सांगावं, म्हणजे आता घरात हसतखेळत चहापाणी झालं तर वाईट दिसणार नाही. तुमच्या मनात काही असेल तर तसं, शेवटी तारीख तुमची आहे.

आणि त्या दिवशी खिडकीशी किंवा गच्चीत येऊ नका. तुमचं नाक आणि ह्यांचं नाक एकच आहे, आंधळ्यालाही कळेल.

छकूचं चांगलं व्हावं असं तुम्हालाही वाटतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच हक्कानं लिहिते.

वहिनी


१५ सप्टेंबर
घर क्र. १७

वहिनी,

पत्र मिळालं. भिंत ओलांडायला त्याला दोन दिवस लागले.

छकूचं चांगलं होऊ दे. रविवारी मी खिडकी लावून मागच्या बाजूला बसेन. नाकाचं मात्र काही करता येणार नाही.

तारखेचं म्हणाल तर तुम्ही ठरवून चालणार नाही, आणि मीही. दवाखान्यात माणूस गेलं की त्याची चादर आमच्याकडे परत यायची, सोबत एक कागद. त्याच्यावर रक्ताच्या माणसाची सही लागायची. बायका यायच्या, सुना यायच्या, भावजया यायच्या, रडायच्या, 'आम्ही करतो सही' म्हणायच्या. मी घ्यायची नाही. मुलगा आणा, भाऊ आणा, म्हणायची. सही नसेल तर आमच्या वहीत माणूस जिवंत. एकोणतीस वर्षांत एकदाही मी हा नियम मोडला नाही, तो आता स्वतःसाठी कसा मोडू?

तेव्हा दादानं लिहावं. पेपर बाजूला ठेवून, स्वतःच्या अक्षरात, एकच ओळ: 'माझी बहीण अमुक तारखेला वारली.' खाली सही. तारीख त्याला सोयीची पडेल ती. शुद्धलेखन मी तपासणार नाही. तो कागद माझ्या हातात पडला की मी गेले. मग एकवीस तारखेलाच काय, पुन्हा कधीच कुंपणाशी दिसणार नाही आणि साहेबांना नमस्कारही करणार नाही.

एवढं लिहिणं जमत नसेल तर त्यानं शनिवारी संध्याकाळी इथं यावं. मोठ्या दारानं. सतराच्या बाई बैठकीत असतात. त्यांच्यासमोर उभं राहून मला हाक मारावी. लहानपणी मारायचा ती. नोंद खोटी ठरेल, फळ्यावर सोळा येईल, आठ दिवस राहील.

दोन्हींतलं एक. तिसरं काही करून पाठवू नका, आणि त्याच्या वतीनं तुम्ही लिहू नका. तुमचं अक्षर मला लागतं.

पाकिटात माझा पत्ता घातलेलं कोरं पोस्टकार्ड आहे, तिकीट लावलेलं. ते त्याच्याच हातात द्या आणि शनिवारच्या आत, उलट टपाली, काय ते कळवायला सांगा.

नणंद